१० टक्क्यांच्या बिअरची तुलना करायची कशी? (वेस्टव्लेटरन, बर्नार्डस, रॉशफोर)

रंकाळ्यापार

थेट प्रश्न विचारतो. चार जण, सहा बाटल्या, सगळ्या ९ ते ११ टक्क्यांच्या. एका बैठकीत यातली सरस कुठली हे ठरवायचं, आणि तेही भांडण न होता. जमतं का कुणाला?

पार्श्वभूमी अशी की मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम नेदरलँड्समधलं आयंडहोव्हन. बेल्जियमची हद्द इथून सायकलच्या टप्प्यात. इथे आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी ट्युलिप बघतो आणि दुसऱ्या वर्षी मठांच्या बिअरच्या नादी लागतो, तसे आम्हीही लागलो. आमच्यात एक डोंबिवलीकर आहे. वेस्टव्लेटरन १२ ही जगातली सर्वोत्तम बिअर आहे यावर त्याची श्रद्धा आहे आणि श्रद्धेपुढे कुणाचं काही चालत नाही. नागपूरकराचं म्हणणं, तीच बिअर सेंट बर्नार्डस आब्ट १२ या नावाने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मग मठाच्या दारात कशाला जायचं? आमची सोलापूरकरीण रॉशफोर १० सोडून दुसरं काही मानत नाही. मी आपला ला ट्राप क्वाड्रुपलवाला. मठ टिलबुर्गजवळ, म्हणजे गावचा माणूस निवडून आणल्यासारखं. शिवाय शिमे ब्लू आणि झुंडर्ट १०.

मागच्या बैठकीत प्रत्येकाने १० पैकी गुण दिले. दुसऱ्या दिवशी कागद बघितला तर पहिल्या बाटलीला सहा-साडेसहा, तिसरीला आठ, आणि शेवटच्या दोघींना नऊच्या वर. म्हणजे बिअर चांगली होत गेली की परीक्षक?

तर जाणकारांनी सांगावं: किती ओतायची, कुठल्या क्रमाने, थंड किती, आणि बरोबर खायचं काय. आम्ही भडंग घेऊन बसतो. आई पाठवते, जयसिंगपूरचं.

पोस्टमन_पुणे

काय नशीब एकेकाचं. आमच्याकडे कायद्यानेच बिअर ८ टक्क्यांवर थांबते. ५ च्या वर गेली की ती 'स्ट्राँग', आणि ८ च्या पुढे बिअर म्हणून विकता येत नाही. त्यामुळे पुण्यात कितीही चांगली मायक्रोब्रूअरी असली, आणि आता बऱ्याच आहेत, २००९ साली दूलाली सुरू झाली तेव्हापासून रांगच लागली आहे, तरी क्वाड (क्वाड्रुपल, म्हणजे तुमची ही १० टक्क्यांची गडद बिअर) वगैरे प्रकरण इथे होणे नाही. आणि बिअर शॉपीतली स्ट्राँग म्हणजे लागर, नेहमीची फिकट सोनेरी बिअर, तीही बर्फासारखी गार करून प्यायची. गार असते म्हणूनच घशाखाली उतरते.

तुमच्या गुणांच्या कागदाचं म्हणाल तर आमचंही तेच होतं. आम्ही टॅपरूममध्ये छोट्या ग्लासांचा सँपलर मागवतो. वेटर फिकटपासून गडदपर्यंत ओळीने लावून देतो आणि सगळे जण शेवटच्या गडद ग्लासाला मत देतात. एकदा मी मुद्दाम पाटी उलटी फिरवली. तेव्हा फिकट व्हीट बिअर पाणचट ठरली. त्यातून काय सिद्ध झालं ते मला नीट सांगता येत नाही, पण काहीतरी झालं.

कवठेपिरान

रंकाळ्यापार, मी बेल्जियममध्ये लुव्हेनला असते आणि खाण्यापिण्याच्या पदार्थांची चव तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. (गावाकडे वडील सांगतात, 'मुलगी जॅमच्या कारखान्यात आहे.' मी दुरुस्त करणं सोडून दिलं.) त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी हिशेब. ३३० मिलीची बाटली, १० टक्के, म्हणजे ३३ मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात साधारण २६ ग्रॅम. तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये 'एक ग्लास' म्हणजे १० ग्रॅम धरतात. सहा बाटल्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाच्या पोटात ४० ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे चार ग्लास. चौथ्या बाटलीपासून पुढे तुम्ही बिअरला नाही, एकमेकांना गुण देत होता. सहा काढून टाका. एका बैठकीत तीनच. आणि रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तिथे सायकललाही लागू आहे, हे आयंडहोव्हनच्या माणसाला सांगायला नको.

तीन कुठल्या? माझ्या मते तुमच्या भांडणात एकच प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर मिळू शकतं, आणि तो नागपूरकरांचा आहे. 'सरस कोणती' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, या दोन वेगळ्या आहेत हे तुम्हाला न बघता कळतं का? कळत नसेल तर सरस-निरस करण्यात अर्थच नाही, स्वस्त ती घ्या आणि घरी या.

यासाठी आम्ही त्रिकोण चाचणी करतो. प्रत्येकापुढे तीन ग्लास. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठला ग्लास वेगळा एवढंच सांगायचं. आवडला की नाही, हे विचारायचंच नाही. दोघांना दोन वेस्टव्लेटरन आणि एक बर्नार्डस द्या, दोघांना उलट. वेगळा ग्लास कुणाला डावीकडे, कुणाला मध्ये, असा फिरवा. प्रत्येक ग्लासात ३० मिली. बारा ग्लास होतात, प्रत्येक बिअरचे सहा, म्हणजे १८० मिली. बाटलीत दीडशे उरते. तळाचा गाळ सोडून बाकीची गुण द्यायला पुरते. एकेक बाटली बास. तिसरी रॉशफोर घ्या, तिला फक्त गुण द्यायचे.

आता यातली गंमत. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच. म्हणून चौघांपैकी दोघांचं बरोबर आलं तर नाचू नका, ते काहीच नाही. तिघांचं आलं तरी नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता नऊात एक असते. चौघांचं आलं तर मात्र ८१ मध्ये एक. तिथे मी मान्य करीन.

ग्लास भरणारा माणूस पिणारा नको आणि बघणाराही नको. आमच्याकडे नवरा पीत नाही, तो दुसऱ्या खोलीत ओततो आणि कागदावर खुणा लिहून खिशात ठेवतो. त्याला या कामाचा भयंकर अभिमान आहे. ग्लासांवर १, २, ३ लिहू नका, माणूस नकळत १ ला वरचा समजतो. ४१७, ८६२ असले वाट्टेल ते तीन आकडी नंबर टाका.

थंडीचं. फ्रिजमधून काढल्या काढल्या ४-५ अंशांवर या बिअरचं काही कळत नाही, सगळं झाकून जातं. पोस्टमन म्हणतात ते अगदी खरं, गार करण्याचा उपयोगच तो. १२ अंशांच्या आसपास सुरुवात करा, म्हणजे पाऊण तास आधी बाहेर. ग्लास वाइनचा चालेल, वर निमुळता होणारा, अर्धाही भरायचा नाही. आणि माझा ठाम आग्रह: गुण दोनदा द्या. एकदा ओतल्यावर लगेच आणि एकदा वीस मिनिटांनी, खोलीच्या उबेला आल्यावर. वेगळ्या कागदावर, पहिला उलटा घालून. कडक बिअरची खरी परीक्षा दुसऱ्या खेपेला होते. नीट आंबवलेली नसेल तर गरम झाल्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास वर येतो आणि घसा जळतो. चांगली असेल तर याच वेळी मनुका, अंजीर, पिकलेलं केळं, लवंग, एकेक करून बाहेर येतात. १० टक्के असून ते जाणवू न देणं हीच ब्रूअरची कारागिरी. म्हणून 'केवढी कडक आहे बघ!' ही माझ्या लेखी स्तुती नाही.

वर्णन कसं करायचं याची काळजी कोल्हापूरकराने करू नये. या बिअरचा काळपटपणा जळक्या मॉल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) थोडा आणि गडद कँडी साखरेचा जास्त असतो. बीट साखर कढवून केलेला पाक. गुऱ्हाळावर उभं राहून काकवीचा वास घेतलेल्या माणसाला तो एका हुंगण्यात कळायला हवा. इथले लोक 'डार्क फ्रूट' म्हणत चाचपडत बसतात.

भडंग. वाचून जीव जळला, पण नाही. लसूण आणि तिखट जिभेवर असताना अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते, आणि मग तुम्ही बिचाऱ्या रॉशफोरला दोष देणार. गुण लिहून होईपर्यंत साधा पाव आणि पाणी. नंतर जुनं गौडा चीज, आणि मग हवं तेवढं भडंग. मला पत्ता कळवलात तर मीही येईन.

घोटभर

वरच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे. बिअर पीत नाही, पण ही चाचणी दोन कंपन्यांच्या चहावर करणार. सासूबाईंचा दावा आहे की त्यांना डोळे मिटून कळतं.

जुनी_कागदपत्रं

नागपूरकरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावरच जास्त भांडणं होतात. १९४६ साली वेस्टव्लेटरनच्या सेंट सिक्स्टस मठाने आपल्या नावाची बिअर काढायचा परवाना जवळच्या वाटू गावातल्या सेंट बर्नार्डसला दिला. मठाने स्वतःपुरती थोडी काढायची, बाजाराची जबाबदारी वाटूकरांची. हे १९९२ पर्यंत चाललं. त्या सुमाराला ट्रॅपिस्टांचं (हे मठ ज्या भिक्षूंच्या पंथाचे, त्यांचं) ठरलं की मठाच्या भिंतीच्या आत निघालेल्या बिअरलाच ट्रॅपिस्ट म्हणायचं. परवाना संपला, नाव गेलं, बिअर राहिली.

पण मेख यीस्टमध्ये आहे. वाटूकर सांगतात की त्यांच्याकडे सिक्स्टसचं जुनं यीस्ट तसंच चालू आहे. मठ मात्र आता वेस्टमाले मठाचं यीस्ट वापरतो. आणि या असल्या बिअरमध्ये केळं, लवंग हे जे काही येतं ते यीस्टचंच देणं. म्हणजे पाककृती सख्ख्या बहिणींची असली तरी आता घरं वेगळी.

'जगातली सर्वोत्तम' हे बिरुद २००५ साली एका बिअरप्रेमींच्या संकेतस्थळाच्या यादीमुळे गाजलं. दारात गाड्यांची रांग लागली आणि भिक्षूंनी उत्पादन वाढवायला नकार दिला. २०१८ मध्ये एका डच सुपरमार्केट साखळीने कुठून तरी माल मिळवून बाटली १० युरोंना विकली, तेव्हा मठ चांगलाच चिडला होता. त्यांच्या दारात ती दोन युरोंच्या आत मिळायची. ती पुन्हा विकायची नाही, अशी त्यांची अट असते. डोंबिवलीकरांच्या श्रद्धेत या टंचाईचा वाटा किती, हे त्यांनीच तपासावं.

अवांतर: रॉशफोर १० मध्ये १० टक्के नसतात, ११.३ असतात. वेस्टव्लेटरन १२ मध्ये १०.२. नावातले १० आणि १२ हे आकडे जुन्या बेल्जियन मोजमापातून आलेले, आंबवण्याआधी रस किती दाट होता त्याचे. आणि ला ट्रापवाल्या धागाकर्त्यांना चिमटा: १९९९ साली तुमच्या मठाची ट्रॅपिस्ट मोहोर काढून घेतली होती, ब्रूअरी एका मोठ्या कंपनीच्या हाती गेली म्हणून. २००५ ला परत मिळाली.

रंकाळ्यापार

चिमटा पोचला. पण 'क्वाड्रुपल' हे नाव १९९१ साली आमच्याच मठाने पहिल्यांदा बाटलीवर घातलं, तेवढं आमच्या खात्यावर राहू द्या.

बैठक झाली. सोलापूरकरणीच्या नवऱ्याला ओतायला बसवलं, तो माणूस इतका गंभीर झाला की स्वयंपाकघराचं दारच लावून घेतलं. पाव, पाणी. भडंगाचा डबा कपाटावर.

त्रिकोणात तिघांचं बरोबर आलं. चुकला तो नागपूरकर, म्हणजे 'दोन्ही एकच' म्हणणाऱ्याला दोन्ही एकच लागल्या. त्याच्या मते हा त्याचाच विजय आहे आणि आमच्याकडे त्यावर उत्तर नाही. कवठेपिरानताई, नऊात एक म्हणालात ते मी त्याला सांगितलं नाही, नाहीतर अजून बोलला असता.

माझ्यापुरतं सांगायचं तर वास घेऊन मला काही कळलं नाही, तोंडात घेतल्यावर कळलं. एकीचा फेस जिभेवर जास्त टोचत होता आणि मागून लवंग येत होती. दुसरी शांत, कोरडी, मनुका जास्त. टोचणारी निघाली बर्नार्डस.

मग गुण. गार असताना रॉशफोर तिघांनीही खाली ढकलली. नुसती गोड आणि जाड, असं मी लिहिलंय. वीस मिनिटांनी तीच बिअर अशी उघडली की मी ग्लास बदलला की काय म्हणून नंबर पुन्हा बघितला. काकवी तर आहेच, पण तळाला किंचित लागलेली. सोलापूरकरीण काही बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली, ते जास्त वाईट. नागपूरकराला मात्र उबेला आल्यावर तिचं अल्कोहोल घशात लागलं आणि त्याने दोन गुण कापले. ११.३ टक्के सगळ्यांपासून लपत नाहीत म्हणायचे.

वेस्टव्लेटरन दोन्ही वेळी जवळपास तिथल्या तिथे. उघडण्यासारखं जे होतं ते पहिल्यापासूनच उघडं होतं. डोंबिवलीकराने न ओळखता तिला दुसरी ठेवली आणि पहिली दिली बर्नार्डसला. कागद वाचून झाल्यावर त्याचं म्हणणं पडलं की मठातून आणताना बाटली हलली असणार.

एक शंका राहिली. त्याची वेस्टव्लेटरन त्याच्या कपाटात वर्षभरापेक्षा जास्त पडून होती. बर्नार्डस मी त्याच आठवड्यात आणली. यामुळे फरक पडला असेल का?

कवठेपिरान

पडला असेल का काय, तुमच्या तिघांनी कदाचित तोच फरक ओळखला! फेस टोचणं, लवंग ताजी असणं ही नव्या बाटलीची लक्षणं असू शकतात, शांतपणा आणि मनुका जुन्या बाटलीची. बाटलीत वर्ष-दीड वर्ष राहिली की कडूपणा उतरतो आणि शेरी वाइनकडे झुकणारी चव यायला लागते. म्हणजे यीस्ट वेगळं की वय वेगळं, हे तुमच्या चाचणीतून सांगता येणार नाही. दोन्ही बाटल्यांवरच्या तारखा शक्य तितक्या जवळच्या घेऊन परत करा. नागपूरकरांना तोवर जिंकू द्या.

रॉशफोरचं वाचून फार बरं वाटलं. मी ती फ्रिजमध्ये ठेवतच नाही, हिवाळ्यात खिडकीतच असते.

पोस्टमन_पुणे

धागाकर्ते दिवाळीला येणार असतील तर नम्र निवेदन. भारतात येताना करमुक्त मद्याची मर्यादा २ लिटर. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. हे गणित कुठल्या तरी भल्या माणसाने मुद्दाम जुळवलेलं असावं. मोज्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. तारखा जवळच्या बघा. ओतायला माझे काका आहेत, निवृत्त पोस्टमास्तर, खुणांचा कागद कुणाला दाखवणार नाहीत.

रंकाळ्यापार

दिवाळीला येतोय, पण पुण्यापर्यंत सहाच्या सहा पोचतील याची खात्री नाही, वाटेत कोल्हापूर आहे.

ताई, एक शेवटचं. डोंबिवलीकर आता म्हणतोय की उरलेल्या वेस्टव्लेटरन अजून तीन वर्षं ठेवतो, मग बघा. ठेवाव्यात का? आणि कुठे? त्याच्याकडे माळाच आहे, उन्हाळ्यात तापतो.

कवठेपिरान

माळ्यावर नको, तीन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येईल. अंधार, १२ ते १५ अंश, आणि तापमान वरखाली न होणारी जागा. तळमजल्यावर सायकलींची खोली असेल तर तिथे, खोक्यात. बाटल्या उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत, म्हणजे यीस्ट तळाला बसतं आणि झाकणाला बिअर लागत नाही. सगळ्या ठेवू नका. दर वर्षी एक उघडायची आणि शेजारी नवी आणून तीच त्रिकोण चाचणी करायची. शिमे ब्लूवर तर वर्ष छापलेलंच असतं, तिच्यापासून सुरुवात केली तर हिशेब ठेवायलाही सोपं.